डोमकळी वर्गात आणा: विज्ञानातले नैतिक प्रश्न आठवी ते दहावीच्या मुलांपुढे कसे मांडायचे

दहावीच्या विज्ञान भाग २ मधला जैवतंत्रज्ञानाचा पाठ संपला की ठरलेला प्रश्न येतो: फायदे व तोटे लिहा. मुलं पानावर मधोमध रेघ मारतात, डावीकडे चार मुद्दे, उजवीकडे चार, झालं. मीही कित्येक वर्षं तेवढ्यावरच गुण देत आले. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, दुकानमा तेच बियानं भेटस ना. मंग फायदा-तोटा लिखीसन काय करू?"

पोरगं कपाशीवाल्या घरातलं होतं आणि त्याचं बरोबर होतं. वहीतल्या दोन रकान्यांत फायदा दिसतो, पण कोणाचा ते दिसत नाही. तोटा दिसतो, पण तो कोणाच्या वावरात झाला ते कळत नाही. आणि ठरवलं कोणी, ठरवताना कोणाला विचारलं, याला तर रकानाच नाही. तेव्हापासून माझ्या फळ्यावर तीन प्रश्न असतात: लाभ कोणाला? झळ कोणाला? विचारलं कोणाला? पुढची सगळी पद्धत या तिघांभोवतीच उभी आहे. सलग चार तासिका मिळाल्या तर उत्तम, तीनमध्येही भागतं.

पहिली पायरी: विषय गावातला निवडा

क्लोन केलेली मेंढी, चंद्रावरची वसाहत, बोलणारे यंत्रमानव हे विषय मुलांना आवडतात. पण त्यावरची मतं फुकटची असतात, त्यातून कोणाचं काही जात नाही. खानदेशात विषय शोधायला लांब जावं लागत नाही. बीटी कपाशी आहेच: मातीतल्या एका जिवाणूचं जनुक घातलेली, बोंडअळीला मारणारी. रावेर-यावलकडच्या मुलांसाठी टिश्यू कल्चरची केळी आहे: एकाच मातृझाडापासून केलेली, जनुकांनी सारखी हजारो रोपं, म्हणजे घड एकसारखे आणि रोग आला तर तोही सगळ्यांना एकसारखा. सातपुड्याच्या पायथ्याशी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी आहे. नर्मदेकाठी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली बुडालेली गावं आहेत. आणि देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला तो नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. हे सांगितलं की नंदुरबारची मुलं ताठ बसतात. मग विचारायचं, रेशन दुकानातल्या यंत्रावर कोणाच्या घरात कोणाचा अंगठा उमटत नाही? निंदणी-खुरपणीत रेषा झिजलेल्या आजीचं नाव निघतंच.

वेळही पाहून निवडा. कपाशीचा विषय मी पोळ्याच्या आसपास घेते. तेव्हा पीक पात्या-फुलांवर असतं, आणि पाकळ्या न उमलता गुंडाळलेली फुलं, म्हणजे डोमकळ्या, सापडायला लागतात. दोन-तीन डोमकळ्या आणायला सांगा, वर्गात उघडा, आत गुलाबी बोंडअळीची पिल्लं दिसतात. दिवाळीनंतर हा विषय काढू नका, निम्मा वर्ग वेचणीला गेलेला असतो. (पोरांनी शाळा बुडवून कापूस वेचावा का, हा वेगळा नैतिक प्रश्न आहे. तो मी वर्गात काढत नाही, कारण जे हजर असतात त्यांना तो लागू नसतो.)

दुसरी पायरी: आधी माहिती, मग मत

एक आख्खी तासिका फक्त माहितीला द्या आणि त्या दिवशी कोणालाही मत देऊ देऊ नका. हे अवघड जातं, कारण मुलांना मत द्यायची घाई असते आणि आपल्याला त्याहून जास्त. फळ्याचे तीन भाग करा: खात्रीचं, वादातलं, ऐकीव. कपाशीसाठी माझा फळा साधारण असा भरतो.

खात्रीचं: बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजेच बीटी, हा मातीतला जिवाणू. त्याचं जनुक कपाशीत घातलं की त्यावरून तयार होणारं प्रथिन बोंडअळीच्या आतड्यात जाऊन तिला मारतं. अळीचं आतडं अल्कधर्मी असतं आणि तिथे हे प्रथिन पकडणारे ग्राही रेणू असतात, आपलं जठर आम्लधर्मी आणि ते रेणू आपल्यात नाहीत. भारतात बीटी कपाशीला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांच्या वाणाला २००६ मध्ये. आपल्याकडची बहुतेक सगळी वाणं संकरित, म्हणून घरचं बी राखून चालत नाही, दरवर्षी पाकीट विकत घ्यावं लागतं. गुलाबी बोंडअळी या प्रथिनांना सरावली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तिचा मोठा उद्रेक झाला. तणनाशक सोसणाऱ्या कपाशीला परवानगी नाही, तरी ती लपूनछपून लावली जाते. शेवटचं वाक्य लिहिताना वर्गात हमखास हसू फुटतं. कोण हसलं ते पाहू नका.

वादातलं: उत्पादन वाढलं त्यात बीटीचा वाटा किती आणि ठिबक, खत, नव्या संकरांचा किती. तज्ज्ञांतही यावर एकमत नाही. मुलांना हे स्पष्ट सांगा. विज्ञानात मतभेद असतात म्हणजे विज्ञान खोटं, असा उलटा अर्थ ती काढतात. तो तिथल्या तिथे खोडायचा.

ऐकीव: पाराखालच्या गप्पा, मोबाइलवर आलेले निरोप, मामा म्हणाले ते. हे पुसून टाकायचं नाही, लिहून ठेवायचं. त्यातली एखादी गोष्ट पुढच्या आठवड्यात एखादी चळवळी मुलगी शोधून आणते आणि स्वतःच दुसऱ्या रकान्यात हलवते.

तिसरी पायरी: प्रश्न नीट घडवा

'बीटी योग्य की अयोग्य?' हा प्रश्न विचारलात तर तास संपला असं समजा. वर्ग दोन तट करतो आणि आवाज चढतात. चांगल्या प्रश्नात दोन्ही बाजूंना खरंच काहीतरी गमवायचं असतं. असा मला सापडलेला सगळ्यात समृद्ध प्रश्न एका छोट्या पाकिटात असायचा.

बीटीच्या साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटासोबत पूर्वी बिगर-बीटी बियाण्याची १२० ग्रॅमची वेगळी पुडी यायची. नियम असा, की शेताच्या कडेने बिगर-बीटी कपाशीच्या पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र, यांतलं जे जास्त असेल तेवढं लावायचं. ही आश्रय पट्टी. कारण थेट नववी-दहावीच्या आनुवंशिकतेतलं आहे. प्रतिकाराचं जनुक बहुतांशी अप्रभावी असतं. बीटीवर तगलेला एखादा पतंग आश्रय पट्टीतल्या साध्या पतंगाशी जुळला, तर पुढच्या पिढीत एक प्रत प्रतिकाराची आणि एक साधी, म्हणजे ती पिढी बीटीवर मरते. पट्टीच नसेल तर तगलेले तगलेल्यांशीच जुळतात. हिरवी बोंडअळी तूर-हरभऱ्यावरही जगते, तिला आपसूक आश्रय मिळतो. गुलाबी जवळजवळ फक्त कपाशीवरच जगते. त्यात आपली पूर्वहंगामी लागवड आणि इकडे पाणी मिळालं की ठेवलेली फरदड (हंगाम संपल्यावरही उभी ठेवलेली कपाशी), म्हणजे तिच्या पानात बारा महिने वाढलेलंच.

आता वर्गाला विचारा: ती पुडी तुमच्या घरी काय व्हायची? फेकायचे, नाहीतर नांग्या, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरायला वापरायचे. पुढे कंपन्यांनी तीच बियाणी एका पाकिटात मिसळून द्यायला सुरुवात केली. मिसळून दिल्याने शेतकऱ्याला पर्यायच उरला नाही. हे बरं झालं की वाईट? इथे वर्ग थांबतो. मी तर या एका प्रश्नावर अख्खी तासिका घालवली आहे आणि पोर्शन मागे पडल्याचं बोलणंही खाल्लं आहे.

प्रश्न अंगाला भिडावा म्हणून एक खेळ घ्या. आठ गट, प्रत्येक गट एक शेतकरी, सहा फेऱ्या, एक फेरी म्हणजे एक हंगाम. प्रत्येक फेरीत गटाने गुपचूप चिठ्ठीवर लिहायचं: पट्टी लावली की नाही. न लावणाऱ्याला दहा क्विंटल, लावणाऱ्याला आठ. पण पट्टी लावणारे गट पाचांपेक्षा कमी निघाले, तर पुढच्या हंगामापासून सगळ्यांचंच उत्पादन कायमचं दोन क्विंटलने घटतं. हे आकडे खेळापुरते आहेत, शेतातले नाहीत, हे आधीच सांगा, नाहीतर मुलं घरी जाऊन बापाला आकडे ऐकवतात. हिशोब साधा आहे. कोणीच लावली नाही तर सहा हंगामांत प्रत्येकाला ३० क्विंटल. सगळ्यांनी लावली तर ४८. आणि बाकीच्यांनी लावली, आपण एकट्याने नाही, तर ६०.

पहिल्या तीन फेऱ्या बोलायला बंदी. चौथ्या फेरीआधी पाच मिनिटं मोकळी सोडा. तिथे जे होतं ते पुस्तकात नाही. एक जण म्हणतो सरकारने दंड करावा, दुसरा म्हणतो दोन बिघेवाल्याला सूट द्या, तिसरी म्हणते बियाणं विकणाऱ्याने भरपाई द्यावी. न सांगता तिन्ही प्रश्न टेबलावर येतात: लाभ, झळ, विचारणं. तुम्ही फक्त लिहून घ्या.

याला जोडून वांग्याचा प्रश्न सोडू नका, भरीत खाणाऱ्या मुलखात तो हक्काचा आहे. बीटी वांग्याला तज्ज्ञ समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये हिरवा कंदील दाखवला. मग पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यांत आपल्या राज्यातली नागपूरची, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती दिली. बांगलादेशाने मात्र २०१३ मध्ये परवानगी दिली. मुलं म्हणतात, कापूस नेसायचा असतो, वांगं खायचं असतं, म्हणून वेगळा न्याय. मग विचारा: सरकीचं तेल? सरकीची पेंड खाणाऱ्या म्हशीचं दूध? यावर कोणाकडेही तयार उत्तर नसतं आणि तास रंगतो.

चौथी पायरी: वादविवाद नको, जागा बदल

आपल्या शाळांत वक्तृत्व आणि वादविवादाची हौस मोठी आहे. पण वादविवादात जिंकायचं असतं, आणि जिंकायचं ठरलं की ऐकणं बंद होतं. मी बाकं बाजूला सारते. एक भिंत 'पूर्ण मान्य', समोरची 'अजिबात मान्य नाही', मध्ये सगळ्या छटा. विधान वाचायचं, मुलांनी आपापल्या जागी उभं राहायचं. बोलायचं असेल तर नियम एकच: आधी समोरच्याचा मुद्दा आपल्या शब्दांत सांगायचा, त्याने 'हो, मला हेच म्हणायचं होतं' असं म्हटलं की मगच आपला. मन बदललं तर पावलं टाकायची, आणि कोणी हलला तर हसायचं नाही.

अहिराणीत बोलू द्या. प्रमाण मराठीत 'पर्यावरणाचा समतोल राखला पाहिजे' असलं पाठ केलेलं वाक्य येतं, घरच्या बोलीत खरं मत येतं. पावरी (सातपुड्यातल्या पावरा आदिवासींची बोली) बोलणारी मुलं असतील तर शेजारच्याने उलथा करून सांगावं.

आणि तुमचं मत? विचारतील. मी शेवटच्या तासाच्या शेवटी सांगते, त्याआधी नाही, आणि सांगताना मला कशाची खात्री नाही तेही सांगते. बाईंचं मत आधी कळलं की वीस चिठ्ठ्यांवर तेच उतरतं.

पाचवी पायरी: नाजूक विषय असतील तेव्हा

कपाशीवर हसत-खेळत बोलता येतं. सिकलसेलवर किंवा गर्भलिंगनिदानावर बोलताना त्याच वर्गात कोणाची तरी गोष्ट बसलेली असते.

सिकलसेल घ्यायचा असेल तर सुरुवातीलाच बजावा: स्वतःचा, घरच्यांचा, शेजारच्याचा रिपोर्ट कोणीही सांगायचा नाही. वाहक (सदोष जनुकाची एकच प्रत) आणि रुग्ण (दोन्ही प्रती सदोष) यांतला फरक दोनदा समजवा. दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, हे पनेट चौकटीने (आईबापांच्या जनुकांच्या जोड्या लावायचा तक्ता) मुलांनाच काढू द्या. मग गोष्ट कल्पित पात्रांची: एका आश्रमशाळेत तपासणी झाली, यादी सूचनाफलकावर लावली. चूक कुठे झाली? यावर मुलं जितकं बोलतात तितकं मी बोलूनही झालं नसतं. केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचं उद्दिष्ट. तपासणी हवीच. प्रश्न आहे तो कार्डावरची माहिती कोणाच्या हाती जाते आणि मुलीच्या लग्नाच्या बोलणीत ती कशी वापरली जाते, याचा.

इथेच जनुक संपादन येतं. जनुक नेमक्या जागी कापून बदलण्याच्या क्रिस्पर पद्धतीने सिकलसेलवर केलेल्या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबरमध्ये मान्यता दिली. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. याचे रुपये मुलांना फळ्यावर करू द्या. शून्यं मोजताना वर्ग शांत होतो. मग दुसरं टोक: २०१८ मध्ये चीनमधल्या 'हे जियानकुई' नावाच्या संशोधकाने भ्रूणाची जनुकं बदलून जुळ्या मुली जन्माला घातल्याचं जाहीर केलं, पुढच्या वर्षी त्याला तीन वर्षांची कैद झाली. रुग्णाच्या रक्तपेशी दुरुस्त करणं आणि पुढच्या सगळ्या पिढ्यांत उतरेल असा बदल करणं, यांतली रेघ मुलांनाच ओढू द्या. विचारलं कोणाला, हा प्रश्न इथे बोचतो, कारण ज्यांच्यावर परिणाम होणार ती जन्मालाच आलेली नाहीत.

संमतीबद्दल एक गोष्ट मी दरवर्षी सांगते. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातच्या वडोदरा जिल्ह्यात दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस एका प्रकल्पात दिली गेली. त्यांतल्या कित्येक आदिवासी होत्या. खम्ममला अनेक संमतीपत्रांवर आईबापांच्या ऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. २०१० मध्ये प्रकल्प थांबला, २०१३ मध्ये संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले. सांगताना एक तोल राखावा लागतो: ही लस जगभर दिली जाते आणि उपयोगी आहे, प्रकल्पाच्या काळात काही मुली दगावल्या, पण चौकशीत त्यांच्या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. चुकलं ते विचारणं. 'लस चांगली होती ना, मग सहीचं काय एवढं?' असं एखादा विचारतोच. उत्तर देऊ नका, मुलींकडे पाहा. त्यांच्यातली कोणीतरी देते.

गर्भलिंगनिदानाच्या वेळी 'बेटी बचाव'च्या घोषणा आधी बाजूला ठेवा, मुलं त्या झोपेतही म्हणतात. त्याऐवजी २०११ च्या जनगणनेचे आकडे लिहा, सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली: जळगाव ८४२, नंदुरबार ९४४. शेजारी साक्षरता लिहा: जळगाव सुमारे ७८ टक्के, नंदुरबार ६४. आणि गप्प बसा. शिकलेल्या, बागायती, जागोजागी यंत्रं असलेल्या जिल्ह्यात मुली कमी का, हे मुलांना स्वतःला दिसलं पाहिजे. मगच कायदा सांगा: महाराष्ट्राचा १९८८ चा, देशातला पहिला, मग केंद्राचा १९९४ चा. सोनोग्राफीचं यंत्र बाळाचं व्यंग, नाळेची जागा दाखवायला आलं. यंत्राला दोष द्यायचा का? पुरेसा वेळ द्या. आणि कोणत्याही दवाखान्याचं, डॉक्टरांचं नाव वर्गात निघालं तर तिथेच थांबवा.

या तासाला मुली बोलत नाहीत, बोलावं अशी सक्तीही नको. बुटाच्या खोक्याला चीर पाडून पेटी करा, सगळ्यांनी काहीतरी लिहून टाकायचं, कोरी चिठ्ठी चालेल. चिठ्ठ्या घरी नेऊन वाचा, अक्षर ओळखू येईल अशी वर्गात वाचू नका. एखादीत घरातलं काही गंभीर निघालं तर तो वर्गाचा विषय राहत नाही, त्या मुलीशी एकटीशी बोला आणि गरज वाटली तर १०९८ ही बालकांची हेल्पलाइन आहे. नाजूक विषयाआधी मुख्याध्यापकांना आराखडा दाखवा आणि पालकसभेत दोन वाक्यं बोला. निम्म्या तक्रारी अंदाजातून येतात.

सहावी पायरी: गुण कशाला द्यायचे

मताला नाही. मी दहा गुणांत तीन अचूक माहितीला देते, तीन विरुद्ध बाजू प्रामाणिकपणे मांडण्याला, तीन 'झळ कोणाला' याच्या नेमकेपणाला. 'शेतकऱ्यांना' लिहिलं तर एक, 'जिराईत दोन बिघे असलेल्या, उधारीवर बी घेणाऱ्या शेतकऱ्याला' लिहिलं तर तीन. उरलेला एक गुण 'माझं मत कशाने बदलेल?' या ओळीला. हा गुण मुलांना सगळ्यात कठीण जातो. 'कशानेच नाही' असं लिहिणारे हुशार विद्यार्थीच जास्त असतात.

निबंधाऐवजी पत्र लिहून घ्या. तालुका कृषी अधिकाऱ्यांना तीन प्रश्न, किंवा गावातल्या कृषी केंद्रवाल्याला. फक्त प्रश्न, मागण्या नाहीत. मोबाइलच्या चॅटबॉटने लिहिलेलं पत्र लगेच ओळखू येतं: त्यात सगळं असतं, आपल्या गावाचं नाव सोडून. असं पत्र आलं तर रागावू नका, त्यालाच पुढच्या तासाचा विषय करा. मी एकदा त्या यंत्राला अहिराणीत प्रश्न विचारायला लावला, आलेलं उत्तर वाचून वर्ग पोट धरून हसला. मग एकीने विचारलं, याला शिकवलं कोणी आणि आमच्या बोलीत का नाही शिकवलं. तो तास मी ठरवलेला नव्हता, फळ्यावर आधार क्रमांकाचा आराखडा तसाच राहिला.

पत्रं खरोखर पाठवा, शाळेच्या शिक्क्यानिशी. उत्तर येतंच असं नाही. माझ्याकडच्या पाच वर्षांच्या पत्रांपैकी दोनच वेळा कोणी आलं. त्यातले एक कृषी सहायक सायकल स्टँडजवळच मुलांच्या घोळक्यात सापडले आणि फरदडीवरून सातवीच्या पोरांनीही त्यांना अर्धा तास सोडलं नाही. निघताना ते मला म्हणाले, पुढच्या वेळी आधी प्रश्न पाठवा, तयारी करून येतो.